पुस्तकांचे टपाल

नागपूरला शिकणाऱ्या ताईला परीक्षेची पुस्तके हवी होती. मी पुडके बांधले. त्यात आईचे पत्र आणि ताईची लिहिलेली वहीही घातली. भोरच्या पोस्टात काका म्हणाले, "बाळ, ज्ञान पोस्टात छापील पुस्तकेच चालतात. त्यांवर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. पत्र घालायचे नाही."

ही सोय १ मे २०२५ पासून आहे. गाव कितीही लांब असो, दर वजनावर! ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. मात्र हे टपाल विमानाने जात नाही, म्हणून लवकर टाकावे.

मी पुडके सोडले. वही व पत्र निराळे पाठवले. मुलांनो, आधी नियम विचारा, मगच सुतळी बांधा!