लसीचा वार आणि आईची रजा

मांजर्लीतून सकाळची लोकल गाठणाऱ्या आया पुष्कळ आहेत. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर. रोजच्या जाण्यायेण्यातच तीन तासांहून अधिक जातात. सरकारी लसीकरण मात्र बहुधा कामाच्या वारी आणि कामाच्याच वेळेत असते.

सुरुवातीच्या लशी सहसा चुकत नाहीत. जन्मल्यावर बीसीजी, मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना पोलिओ आणि पेंटाव्हॅलंट. तेव्हा आई घरीच असते. २०१७ च्या कायदादुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. (धुणीभांडी करणारीला तीही नाही, तिचा खाडा म्हणजे पैसे गेले.) गोवर-रुबेलाची पहिली मात्रा येते नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. म्हणजे रजा संपल्यावर! माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या कार्डावर रिकामे रकाने दिसतात ते बहुधा हेच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. गोवर म्हणजे नुसते अंगावर पुरळ नव्हे; त्यातून न्यूमोनिया होतो.

खाडा करून आलेल्या आईला कधी कधी 'आणखी मुले जमू द्या' असे सांगून परत पाठवले जाते. कारण या लशीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि द्रावण मिसळल्यावर ती चार तासांत संपवावी लागते. पेंटाव्हॅलंटचे तसे नाही. नीट थंड ठेवली तर उघडलेली कुपी २८ दिवस वापरता येते. माझे स्पष्ट मत आहे, एका मुलासाठीही गोवराची कुपी फोडावी. फुकट गेलेली लस परवडते. परत गेलेली आई पुन्हा येईलच असे नाही.

महिन्यातला एक रविवार, किंवा एका संध्याकाळी आठपर्यंत लसीकरण ठेवले आणि तो वार कधी बदलला नाही, तर अर्धे काम होईल.

तोवर बाळाला आजी-आजोबांनी न्यावे, आईच हवी असे नाही. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नये. उशीर झाला तरी मात्रा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, राहिली तिथून पुढे द्यायची. बाळंतपण माहेरी झाले असेल तर तिथले कार्ड आठवणीने आणावे. 'यू-विन'वर नोंद असल्यास ती मोबाइल क्रमांकावरून इथेही सापडते. आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे, लोकलची घाई असली तरी.