येळवस, आंबील आणि साखरेची गोळी

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि नांदेड जिल्ह्याच्या लगतच्या भागात शहरे ओस पडतात व शेते माणसांनी भरून जातात. पंचांगातली ही वेळ अमावास्या, म्हणजे आपली येळवस. शेजारच्या बीदर-कलबुर्गीकडेही ती तितक्याच हौसेने होते. ऐन थंडीत घराबाहेर पडायला लावणारा सण फक्त आपल्याकडे आहे असे मात्र नाही. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला लुसियाचा दिवस पाळतात. मुली पांढरा पायघोळ झगा घालून, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेऊन निघतात आणि घरोघरी केशर घातलेले पाव होतात. त्या दिवसांत स्टॉकहोमला उजेड असतो जेमतेम सहा तास. आपल्याला मात्र हिवाळ्यातही अकरा तास ऊन मिळते, तेही फुकट. एरवी वर्षभर दुकानाच्या गल्ल्यावर किंवा स्वयंपाकघरात असणाऱ्यांनी या दिवशी दुपारी थोडा वेळ कोपीच्या सावलीबाहेर बसावे. हाडांसाठी लागणारे 'ड' जीवनसत्त्व कातडी उन्हातच तयार करते.

येळवशीचे जेवण मला वैद्यकीयदृष्ट्या फार शहाणे वाटते. भज्जीत बेसनासोबत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे आणि हाताशी येईल ती भाजी पडते, म्हणजे प्रथिने आणि चोथा एकाच भांड्यात. जोडीला बाजरीचे उंडे. ज्वारीचे पीठ आणि ताक यांची आंबील आंबते तेव्हा दह्यातले उपयुक्त जिवाणूच ते काम करतात, म्हणून ती पोटाला हलकी पडते. फक्त आंबील मडक्यात किंवा स्टीलमध्येच न्यावी. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या सुरू होतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी आंबिलीत वरून मीठ घेऊ नये.

आता मुख्य गोष्ट. येळवशीच्या दुपारी मधुमेहाचे रुग्ण बेशुद्ध पडतात ते खीर किंवा शेंगाची पोळी खाऊन नव्हे, तर न खाऊन. घरातली वडील माणसे पहाटे उठतात, नेमाने साखरेची गोळी घेतात किंवा इन्शुलिन टोचतात आणि 'पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचे नाही' म्हणून उपाशीपोटी शेत गाठतात. पाच पांडवांची पूजा, नैवेद्य, पाहुण्यांची वाट, असे करता करता दोन वाजतात. गोळी मात्र थांबलेली नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणतातच. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि एखादा शांत माणूस उगाच चिडू लागणे ही खूण ओळखावी. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याचे हे लक्षण. घरचे म्हणतात ऊन लागले आणि सावलीत झोपवून ठेवतात. तिथेच घात होतो.

माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि मग भाकरी-भज्जी खाऊ घालावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठावा. गोळीमुळे उतरलेली साखर वर आल्यावरही काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून 'आता बरं आहे' म्हणून रुग्णाला शेतातच ठेवू नये. सोपा मार्ग म्हणजे सणाआधीच आपल्या डॉक्टरांना जेवणाची वेळ सांगून गोळी वा इन्शुलिन कधी घ्यायचे ते ठरवून घेणे. सकाळी औषध घ्यायचेच असेल तर सोबत भाकरी खावी. माझ्या मते देव एवढ्याने रागावत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा उतरत नाही.

मुले बांधावर हरभऱ्याचा डहाळा उपटून तिथेच खातात. घाटे अळीसाठी फवारणी कोणत्या दिवशी केली हे शेतमालकाने आधी सांगावे. नुकत्याच फवारलेल्या तुकड्यात पोरांना सोडूच नये, नुसते धुऊन सगळे विष जात नाही.

कोपीसाठी कडबा ओढताना आणि पांडवांचे दगड उचलताना विंचवाचे भय असते. विंचू चावल्यावर घाम, उलट्या, थंडगार हातपाय अशी लक्षणे दिसली, विशेषतः लहान मुलात, तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. प्राझोसिन या साध्या गोळीचा विंचूदंशावरचा उपयोग डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना दाखवून दिला. ते आपल्याच मराठवाड्याचे, जालना जिल्ह्यातले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितके चांगले.

उरलेली भज्जी दुसऱ्या दिवशी वाटण्याची आपल्याकडे रीत आहे. मोठ्या पातेल्यातली भज्जी आतून रात्रभर कोमट राहते आणि तेवढ्यात ती नासते. रात्रीच लहान भांड्यांत काढून गार करावी, शक्य असल्यास फ्रिजमध्ये ठेवावी, आणि सकाळी खळखळून उकळल्याशिवाय कोणाकडे पाठवू नये.