पहिल्या वर्षी माती पिकव

सुमे, तू काल पाठवलेला कागद मी रात्री दोनदा मोठा करून बघितला. पट्टी लावून, चार रंगांत आखलायस. दक्षिणेच्या भिंतीलगत दोन आंबे, त्यांच्यापुढे लिंबू, पेरू, चिकू, डाळिंब. मग भाजीचे आठ वाफे. मागच्या कोपऱ्यात वीस कोंबड्या, शेजारी दोन शेळ्या. आणि अगदी खाली बारीक अक्षरात 'मधमाश्या?'. वाचताना मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आईच्या मागच्या दारचा परस आपल्या दोघींच्याही डोळ्यांपुढून हललेला नाही, हे त्या कागदावरून कळलं. पण बरं वाटण्याबरोबर काळजीही वाटली. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुझे तीन गुंठे म्हणजे ३२६७ चौरस फूट. त्यातून घर, ओटा, गाडीची जागा आणि शोषखड्डा वजा कर. हातात सव्वा ते दीड गुंठा राहतो. सव्वा गुंठा कमी नाही गं. चार माणसांच्या घराला रोजची पालेभाजी, मिरची, कढीपत्ता, लिंबं, शेवगा एवढं त्यात आरामात निघतं. पण तुझ्या कागदावरचं सगळं एकाच जूनमध्ये लावलंस, तर दिवाळीपर्यंत त्यातलं निम्मं वाळलेलं असेल, आणि तू थकून 'मला हे जमत नाही' म्हणशील. मी अशा चार-पाच जणी बघितल्यात. एकीलाही बागेची आवड कमी नव्हती, फक्त सुरुवात एकदम केली होती.

आधी त्या दोन आंब्यांचं बोलू, कारण ती चूक एकदा झाली की वीस वर्षं निस्तरत बसावं लागतं. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला पाच फुटांवर पडते, मग वीस फुटी आंब्याची किती पडेल बघ. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो हे सगळं हिवाळ्यात जोमानं येणारं, आणि नेमके तेच वाफे तू आंब्याच्या सावलीत टाकलेस. दक्षिणेची बाजू मोकळी ठेव. मोठं झाड लावायचंच तर उत्तरेच्या बाजूला लाव, आणि एकच लाव. पश्चिमेला शेवगा असू दे. त्याची सावली विरळ असते, उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊन तेवढं अडवतो, तुमची पश्चिमेची खोलीही कमी तापेल. तुमच्या फलटणला मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी आपली सावली पायाखाली येते, तेव्हा भाजीला थोडी सावली हवीच असते. आत्ता चैत्र आहे. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता परसात चुना टाकून सावलीच्या कडा आखून ठेव. पुढे पौषात पुन्हा आख. हे दोन नकाशे तुझ्या रंगीत कागदापेक्षा जास्त कामाचे आहेत. मोठी फळझाडं त्यानंतर ठरव. एक वर्ष उशीर झाल्यानं आंब्याचं काही बिघडत नाही.

आता मातीकडे ये. माझा खरा मुद्दा हाच आहे.

तुमच्या परसात आत्ता जे दिसतंय ती माती नाही, बांधकामाचा उरलेला राडारोडा आहे. वाळू, सिमेंटचा चुरा, विटांचे तुकडे, वर प्लास्टरची खरवड. खाली काळी जमीन आहे, पण तीही चुनखडीची, आणि सिमेंटचा चुरा मिसळला की झाडांना लोह मिळेनासं होतं. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग माणूस खत घालत सुटतो आणि उपयोग शून्य. म्हणून बी आणण्याआधी घमेलं घे. वरचा राडारोडा वीतभर तरी उचलून काढ. तुझ्या विनायकरावांकडून दोन रविवार मागून घे. मग चार-पाच ठिकाणी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती गोळा कर, सावलीत वाळव, एकत्र कालव, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दे, असं करत अर्धा किलो उरव आणि कृषी विज्ञान केंद्रात तपासायला दे. सामू किती, सेंद्रिय कर्ब किती, क्षार किती एवढं समजलं की अंदाजपंचे चालणं थांबतं. बोअरचं पाणीही तपासून घे. तुझ्या नळाच्या तोटीवर पांढरं साठतंय असं तूच म्हणाली होतीस.

आणि एक कर, विकतची माती आणू नकोस. हे मी पोळल्यामुळे सांगतेय. आमचं घर झालं तेव्हा मी लाल मातीची एक ट्रॉली मागवली होती. दिसायला सुरेख, भुसभुशीत. पहिल्या पावसानंतर तिच्यातून लव्हाळा उगवला. वरून उपटला की खालची गाठ तशीच राहते आणि एकीच्या चार होतात. नऊ वर्षं झाली, अजून दर पावसाळ्यात मी खुरपं घेऊन त्याच्या मागे असते. माती बाहेरून येत नाही गं, जागेवर करायची असते.

आणि ती करायला तुझ्या फलटणइतकं सोयीचं गाव नाही. चारी बाजूंना ऊस. नुकताच गाळपाचा हंगाम संपलाय, फडात पाचट पडलंय आणि अजूनही कितीतरी जण ते पेटवून देतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचार, टेम्पोभर पाचट आण. शेजारीपाजारी झाडलेला पाला जाळत असतील तर त्यांना म्हणावं, पोत्यात भरून माझ्या दारात ठेवा. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवारातून लोकांना हेच करून दाखवलं, की पालापाचोळा आणि घरातला ओला कचरा यांतून कसदार माती तयार होते आणि थोड्या जागेतही भरपूर पिकतं. मी त्यांच्या पद्धतीचं सोपं रूप करते. चार बाय चारचा, तीन फूट उंच जाळीचा कप्पा. त्यात वीतभर पाला, वर स्वयंपाकघरातलं ओलं, वर ओंजळभर शेणकाला, पुन्हा पाला. ओलावा एवढाच ठेवायचा, की मूठ दाबली तर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये. पंधरा दिवसांनी एकदा वरखाली करायचं. उन्हाळ्यात तीन महिन्यांत काळं, पावसाच्या वासाचं खत होतं. वास मारायला लागला तर ओलं जास्त झालंय असं समज आणि पाला वाढव.

जीवामृत हवं असेल तर वीस लिटर पाण्याच्या मापानं कर. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, तीन दिवसांनी पाण्यात मिसळून मुळाशी घालायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. पण आच्छादन नसलेल्या उघड्या मातीवर ते ओतून फार काही होत नाही. आधी पाचट अंथर. वाळवी दिसली तर झाडाच्या बुंध्यापासून ते वीतभर लांब ठेव.

मृग लागला आणि पाऊस दोन-तीनदा नीट झाला, की अर्ध्या जागेत ताग फेक. हो, अर्ध्या जागेत काहीच भाजी नाही, नुसता ताग. दीड महिन्यात फुलावर यायच्या बेतात आला की कापून तिथेच मातीत दाबून टाक. तुला हे जिवावर येईल, मला माहीत आहे. शेजारणीच्या मांडवावर दोडके लोंबत असतील आणि तू हिरवंगार रान गाडत असशील. पण नवरात्रात त्याच मातीत मेथी फेकशील ना, तेव्हा बघ.

उरलेल्या अर्ध्या जागेतही आठ नको, तीन वाफे कर. काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, म्हणून गादीवाफे हवेत, सहा इंच उंच आणि तीन-साडेतीन फूट रुंद. त्याहून रुंद केलेस तर मधलं तण काढायला वाफ्यात पाय द्यावा लागतो आणि माती दडपते. आणि हे वाफे स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांत असू देत. आईची कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता आठव, सगळं दाराशी होतं. फोडणी तडतडत असताना जेवढं लांब जाता येतं, तेवढ्यावरच भाजी खुडली जाते. लांबचा वाफा नजरेआड होतो, आणि मावा पडलाय हे आठ दिवसांनी कळतं.

पावसाळ्यात मांडवावर वेल सोड. दोडका, कारलं, दुधी, काकडी पुरेत. फुलं येऊन नुसती गळू लागली तर घाबरू नकोस. ज्या फुलामागे बारीकसं फळ असतं ते मादीचं, नुसत्या दांड्यावरचं ते नराचं. पावसाच्या झडीत माश्या फिरकत नाहीत, तेव्हा नराचं फूल तोडून पाकळ्या मागे घ्यायच्या आणि मादीच्या फुलाला अलगद टेकवायचं. कारल्याचं काम सकाळी करायचं, दुधीचं आणि दोडक्याचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हाच उमलतात. आमच्याकडे हे काम माझी लेक करायची. तुझ्या ओमलाही सांग, त्याला आवडेल.

मावा, तुडतुडे दिसले तर दुकानात धावू नकोस. निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात कडुनिंबाखाली सडा पडलेल्या असतात, तेव्हा गोळा करून सावलीत वाळवून ठेव. पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, गाळ, चिमूटभर साबणाचा चुरा घाल आणि उन्हं कलल्यावर फवार. वांग्याचा शेंडा मान टाकलेला दिसला तर तो खालून खुडून नष्टच कर, आत अळी असते.

न्हाणीघराचं पाणी केळीला आणि अळवाला दे, तिथे दुसरं काही लावू नकोस. लिंबाला मात्र साठलेलं पाणी अजिबात चालत नाही. बुंध्याशी पाणी उभं राहिलं की डिंक्या लागतो. बुंध्याभोवती मातीची भर दे आणि पाणी लांबून, बांगडीसारख्या आळ्यात सोड. लिंबासाठी खड्डा मात्र आत्ताच खण, दोन बाय दोन बाय दोन फूट, आणि वैशाखभर उन्हात तापू दे. या वर्षी लावायचीच तर झाडं तीन लाव: हे लिंबू, कढीपत्ता आणि शेवगा. शेवगा सहा-आठ महिन्यांत शेंगा देईल. छातीएवढा झाला की शेंडा खुड, नाहीतर शेंगा आभाळात लागतात. लिंबाला चार वर्षं लागतील. कलमं घेताना जोडाच्या खालची फूट तोडलेली आहे ना ते बघ. मी एका रोपवाटिकेतून आणलेल्या आंब्याच्या कलमाची वरची फांदी मेली होती आणि खालचा रानवट खुंटच वाढत होता. सहा वर्षांनी चार आंबट फळं आली, तेव्हा मला कळलं.

कोंबड्यांचा हट्ट मला मान्य आहे, पण त्या दुसऱ्या वर्षी, आणि वीस नव्हे तर पाच. खुराडं जमिनीपासून उचललेलं, बारीक जाळीचं आणि रात्री कडी लागणारं असू दे. मुंगसानं माझ्या चार कोंबड्या एका पहाटे मारल्या, कारण जाळीत बोटं जातील एवढी फट राहिली होती. मी लेकीला शाळेला तयार करायचं सोडून तिथेच बसून राहिले होते. तेव्हापासून कडी मी स्वतः बघितल्याशिवाय झोपत नाही. गिरिराज जातीचे दोन महिन्यांचे पक्षी आण, मानमोडीची लस झालेली आहे याची खात्री करून, आणि पुढच्या लशींचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेव. वाफ्यांना कुंपण नसेल तर त्या एका सकाळी सगळी रोपं उकरून टाकतील.

शेळ्यांचं मनातून काढून टाक. एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा लागतो, तो तुझ्या सव्वा गुंठ्यात येणार नाही. शिवाय शेळी आणि पालेभाजी एका कुंपणात नांदत नाहीत. मधमाश्यांची पेटी नको, त्याऐवजी वाफ्यांच्या कडेला झेंडू आणि तुळस लाव, माश्या आपल्या आपण येतील.

बियाणं शक्य तेवढं गावठी घे. संकरित वाणाचं बी धरलंस तर पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, अकोले तालुक्यातल्या. घराच्या परसातूनच त्यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. वेलावरचं पहिलं-दुसरं चांगलं फळ खायचं नाही, बियाला राखायचं. दोडका वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळवायचा. बी राखेत घोळून ठेवायचं. तुझ्या सासूबाईंनी इतकी वर्षं शेत बघितलंय, वाल कुठला धरायचा हे त्यांना विचार. त्यांना विचारलेलं आवडेल, आणि तुला शेजारी बसून निवडायला सोबत होईल. पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा बियांच्या पुड्या वाट.

एक वही कर. काय पेरलं, कधी उगवलं, पाऊस कधी आला, कीड कशावर पडली. रोज दोन ओळी पुरेत. आणि सकाळी अर्धा तास, फार तर पाऊण, एवढाच वेळ परसाला दे. तुझी नोकरी आहे, ओम लहान आहे. पाऊण तासात जेवढं झेपेल तेवढीच बाग ठेव. जास्त वाटायला लागली तर एक वाफा पाचटाखाली झाकून टाक, माती काही कुठे जात नाही.

मृगाच्या आधी चार दिवस मी येतेय. आईच्या परसातल्या पांढऱ्या वालाचं बी माझ्याकडे अजून आहे, दरवर्षी जपून धरते. त्यातलं ओंजळभर तुझ्यासाठी वेगळं काढून ठेवलंय. तोवर राडारोडा काढून ठेव आणि लिंबाचा खड्डा खण.