जग कधी संपणार?

"जग बुडणार हो!" अशी आवई अधूनमधून उठते. मग कोणी म्हणतो, "आता पेरून तरी काय उपयोग?" कोणी शांतीसाठी वर्गणी मागत फिरतो. भोळी माणसे घाबरतात आणि पदरचा पैसा घालवून बसतात.

१९६२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात असेच झाले. पंचांगातले आठ ग्रह मकर राशीत एकत्र आले. त्याला अष्टग्रही म्हणत. आता प्रलय होणार, असे लोकांना वाटले. देशात ठिकठिकाणी होमहवने झाली. ते दिवस आले आणि गेले. जग होते तसेच राहिले. पुढे २०१२ सालच्या डिसेंबरातही अशीच आवई उठली. तीही खोटी ठरली.

मग जग कधीच संपणार नाही का? शास्त्रज्ञांनी याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. ते काय म्हणतात, ते पाहू.

दिव्यात तेल असते तोवर दिवा जळतो. सूर्याचे तेल म्हणजे हायड्रोजन नावाचा वायू. सूर्याच्या पोटात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम वायू होतो. त्यातून ऊन आणि उजेड मिळतो. सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षे असा तळपतो आहे. अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल एवढे तेल त्याच्यापाशी आहे.

पण सूर्य हळूहळू जास्त तापत चालला आहे. सुमारे १०० कोटी वर्षांनी पृथ्वीवरचे समुद्र आटू लागतील. त्यानंतर फार पुढे सूर्य फुगेल, लाल होईल. बुध आणि शुक्र या ग्रहांना तो गिळून टाकील. कदाचित पृथ्वीलाही गिळील. शेवटी त्याचा पृथ्वीएवढा लहान, पांढरा गोळा उरेल. अशा गोळ्याला श्वेत बटू म्हणतात. आपल्या देशात वाढलेले शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी श्वेत बटूंचे गणित मांडले. त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

"१०० कोटी वर्षं म्हणजे किती हो?" असे तुम्ही विचाराल. एका वर्षाला ज्वारीचा एक दाणा मोजा. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तेव्हापासून आजवरचे दाणे मोजले, तर एक मूठही भरत नाही. पण १०० कोटी दाण्यांची, क्विंटलाचे एक याप्रमाणे, सुमारे तीनशे पोती होतात!

सूर्य हा एक तारा. आकाशात असे असंख्य तारे आहेत. ताऱ्यांच्या मोठ्या समूहाला दीर्घिका म्हणतात. रात्री दिसणारी आकाशगंगा ही आपली दीर्घिका. १९२९ साली हबल या शास्त्रज्ञाने दाखवले, की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब लांब जात आहेत. जत्रेतल्या फुग्यावर शाईचे ठिपके काढा आणि फुगा फुगवा. ठिपके एकमेकांपासून दूर जातात ना? तसेच हे आहे. १९९८ साली आणखी एक गोष्ट कळली. हे फुगणे कमी होत नाही, उलट त्याचा वेग वाढतो आहे.

असेच चालू राहिले, तर दूरच्या दीर्घिका दिसेनाशा होतील. नवे तारे घडवायला वायू उरणार नाही. जुने तारे एकेक करून विझतील. सुमारे शंभर लाख कोटी वर्षांनी सगळीकडे अंधार आणि थंडी असेल. विश्व पुन्हा आकसून एकत्र येईल, असाही एक विचार शास्त्रज्ञांनी मांडला आहे. पण आजवरच्या मोजमापांवरून पहिलीच गोष्ट जास्त संभवते.

तेव्हा जगाचा शेवट आपल्या दाराशी आलेला नाही. आपल्या विहिरीचे पाणी मात्र आपल्या डोळ्यांदेखत आटते. बांधावरची माती दर पावसाळ्यात वाहून जाते. काळजी करायची तर याची करावी. ते आपल्या हातात आहे. आणि उद्या कोणी "जग बुडणार, वर्गणी द्या" म्हणत आला, तर त्याला विचारा, "बाबा रे, हे तुला कशावरून कळलं?"

प्रश्न
१. अष्टग्रही कोणत्या साली झाली? तेव्हा लोकांनी काय केले?
२. सूर्याचे तेल कोणते? ते अजून किती वर्षे पुरेल?
३. फुग्यावरच्या ठिपक्यांवरून काय समजते?
४. तुमच्या गावात अशी आवई कधी उठली होती का? तेव्हा कोणाचा पैसा गेला? वर्गात सांगा.