अंथरूण, पाय आणि बिझनेस क्लास

(बी. कॉम. तृतीय वर्ष)

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण शाळेत शिकलो. माझे कन्नड वर्गमित्र तीच गोष्ट ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ अशी सांगतात. दोन्ही भाषांतील वडीलधाऱ्यांनी ती खर्चाच्या बाबतीत वापरली. गेल्या उन्हाळ्यात मात्र आमच्या घरी ती शब्दशः लागू पडली. आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईला झाली. पाय फार वेळ दुमडून ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. मोटारीने बेळगाव गाठायचे तर अख्खा दिवस जाणार. विमानाने तासाभरात सांबरा. विमान ठरले, पण वर्ग कोणता? साध्या वर्गाचे तिकीट साडेचार हजार रुपये, बिझनेस क्लासचे अकरा हजार. बाबा म्हणाले, “तू कॉमर्सचा ना? मग हिशेब मांडून दाखव.” तो हिशेब मांडताना जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो.

१. जागेचा हिशेब

प्रथम उत्पादन-खर्च पाहू. मुंबई-दिल्ली मार्गावर धावणाऱ्या मध्यम विमानात साध्या वर्गाच्या एका रांगेत सहा आसने असतात व दोन रांगांमध्ये सुमारे २९ इंचांचे अंतर असते. इंडिगो कंपनीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये याच मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाचा वरचा वर्ग सुरू केला. त्यात रांगेला चार आसने व अंतर ३८ इंच. आता भागाकार करा. साध्या वर्गात माणशी विमानाची लांबी सुमारे ४.८ इंच पडते, वरच्या वर्गात ९.५ इंच. म्हणजे जागा जवळजवळ दुप्पट. जेवण आणि जादा सामान धरले, तरी भाडे दुपटीहून थोडे अधिक असणे समजू शकते. त्यापुढचा आकडा खर्चातून येत नाही.

युरोपातील छोट्या अंतराच्या विमानांत तर आणखी गंमत आहे. तेथे बहुधा आसन तेच, अंतरही तेच. तीनपैकी मधले आसन रिकामे ठेवतात आणि मागे पडदा ओढतात. म्हणजे जागा फक्त दीडपट.

आपल्या भागाला जवळचे उदाहरण स्टार एअर कंपनीचे. २०२३ साली तिने ७६ आसनांची एम्ब्रेअर १७५ विमाने आणली. त्यांत १२ आसने बिझनेस क्लासची व ६४ साधी. या विमानात साध्या वर्गाची आसनेही दोन-दोनच असतात; दोघांच्या मध्ये चेंगरून बसण्याचा प्रसंगच नाही. तेव्हा विमान जितके लहान, तितका वरच्या वर्गाचा लाभ कमी.

२. भाड्याचे अर्थशास्त्र

मग भाडे कशावर ठरते? आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘मूल्यभेद’ हे प्रकरण येथे उपयोगी पडते. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात मूल्यभेदाचे तीन प्रकार सांगितले. तो साधण्यासाठी ग्राहकांचे गट वेगळे करता आले पाहिजेत, त्यांच्या मागणीची लवचिकता निराळी असली पाहिजे आणि वस्तूची फेरविक्री होता कामा नये. विमानाच्या तिकिटावर नाव असते, म्हणून फेरविक्री नाही. कंपनीच्या कामाला निघालेल्याची मागणी ताठर, लग्नाला निघालेल्याची लवचिक. पडदा हा दोन बाजारपेठांमधील कुंपण आहे.

पण कुंपण टिकवायचे तर अलीकडची बाजू फार सुखाची असून चालत नाही. द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच हे रेल्वेबाबत लिहून ठेवले. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसे, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या वर्गाचे पैसे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्यात बसू नये, हा त्यामागचा हेतू होता.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातले आहे. १९७७ ते १९७९ या काळात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीची फोमची गादी घालण्यास सुरुवात केली. वरच्याचे सुख न काढता खालच्याचे दुःख कमी करता येते, हे त्या दोन इंचांनी दाखविले. विमानाचा साधा वर्ग थोडा सैल असता, तर आमच्या घरी हा प्रश्न उपस्थितच झाला नसता.

३. पैसे कोण भरतो?

२२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के आणि वरच्या वर्गांवर १८ टक्के आहे; पूर्वी तो १२ टक्के होता. कामानिमित्त प्रवास असेल, तर नोंदणीकृत कंपनीला नियमांनुसार या कराची वजावट मिळू शकते. तिकीटही तिच्या नफ्यातून खर्च म्हणून वजा होते. शिवाय ऐनवेळी तिकीट बदलण्याची सोय तिच्या उपयोगाची. घरगुती प्रवाशाला यांतले बहुतेक काही नाही. त्याला पूर्ण किंमत आपल्या खिशातून द्यावी लागते. म्हणून ‘परवडते का’ हा प्रश्न दोघांना एकच विचारणे चूक होय.

शिवाय वेळ वाचत नाही. पहिली रांग आणि शेवटची रांग एकाच क्षणी जमिनीला टेकते. निराळी खिडकी, आधी प्रवेश, आधी सामान यांचा लाभ मोठ्या विमानतळावर थोडाफार. आपल्या सांबऱ्याला मुळात रांगच लहान.

४. निर्णय

साडेसहा हजारांचा फरक म्हणजे माझी एका सत्राची फी आणि पुस्तके. हा त्यागाचा खर्च मी कागदावर पहिल्या ओळीत लिहिला. मग स्वस्त पर्याय शोधले. संकटकालीन दाराजवळच्या रांगेत पाय लांब करता येतात, पण दुखऱ्या पायाच्या माणसाला तेथे बसू देत नाहीत. साध्या वर्गाची पहिली रांग आधीच गेली होती. तेव्हा मी लिहिले : आजीला बिझनेस क्लास, मला साधा. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि पैसे काढून दिले.

सांबऱ्याला उतरल्यावर मी विचारले, “आजी, कसं वाटलं गं?” ती म्हणाली, “पायाला बरं वाटलं. पण बोलायला कुणी नव्हतं बघ.” संतोषाधिक्याच्या आलेखात ही वजाबाकी मी धरली नव्हती.

तात्पर्य, तास-दोन तासांच्या प्रवासात धडधाकट माणसाने स्वतःच्या पैशाने बिझनेस क्लास घेणे मला फायद्याचे वाटत नाही. शरीराची खरी गरज असेल आणि स्वस्त पर्याय संपले असतील, तर मात्र तो खर्च उधळपट्टी ठरत नाही. पाय दुखरा असेल, तर अंथरूण थोडे वाढवावे. पण आधी ते मोजून घ्यावे.