आधी काकडी, मग मासा

काल संध्याकाळी देवबागच्या टोकावर तू मला विचारलंस, "आबा, तुला खरंच माशांचा वास येतो, की नुसता अंदाज?" काळोख पडत होता, तंगूस गुंडाळायची घाई होती, म्हणून मी "हूं" म्हणून सोडून दिलं. पण हे असं सोडून देण्यासारखं नाही. मला माझ्या बापसाने सांगितलं तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि बापसाचं कुठलं म्हणणं कशामुळे खरं ठरतं ते हळूहळू कळत गेलं. ते सगळं तुला आज सांगतो.

वास येतो. पण तो माशाचा नसतो, मासा खाल्ला जात असल्याचा असतो.

हे नीट समजून घे, कारण बाकीचं सगळं यावर उभं आहे. शांतपणे पोहणारा मासा आपल्या नाकाला काहीच कळवत नाही. शेवट्यांचा मोठा थवा होडीखालून गेला तरी तुला पत्ता लागणार नाही. पण पेडव्यांच्या किंवा तारलीच्या थव्यात सुरमई घुसली की लचके तुटतात, खवले उडतात, अंगातलं तेल पाण्यावर येतं. तारलीच्या अंगात तर इतकं तेल की एकेकाळी आपल्या किनाऱ्यावर आणि खाली मलबारात ती उकळून तेल काढत आणि होड्यांच्या लाकडाला चोपडत. ते तेल पाण्यावर पसरलं की वारा त्याचा वास उचलतो. आपलं नाक पकडतं ते हे.

आता तो वास कसा असतो? इथेच बहुतेक सगळे चुकतात. त्यांना वाटतं, मासळीबाजारात येतो तसाच वास समुद्रावर येईल. तसा वास आला तर समज की तिथे मेलेली मासळी आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं, त्याला स्वतःचा वास नाही. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तो आपला ओळखीचा हिंवस वास. मोरीच्या अंगात त्याशिवाय युरिया असतो, म्हणून ती लवकर साफ केली नाही तर अमोनियासारखी नाकात जाते. हे सगळे मरणानंतरचे वास. जिवंत मासा नुकताच फाडला गेला तर वास येतो तो काकडीचा, कच्च्या कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचा, नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत अशी विकरं असतात की ती त्याच्याच चरबीचे तुकडे करतात, आणि त्यातून जी द्रव्यं निघतात त्यांतली काही काकडीतही असतात. त्यामुळे काकडीची आठवण होणं हा भास नाही, दोन्हीकडे खरोखरच एकच द्रव्य आहे.

बापूस यातलं काहीच शिकलेला नव्हता. तो म्हणायचा, "तवशाचो वास इलो, गरी तयार ठेव." अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे गरवणारेही कलिंगडाचा वास आला की तिकडे होडी वळवतात, तिथे मेनहेडन नावाची तारलीसारखीच तेलकट मासळी असते आणि ब्लूफिश तिचा फडशा पाडतो. युरोपात स्मेल्ट नावाचा छोटा मासा आहे, तो ताजा हातात घेतला तरी काकडीचा वास मारतो. इतक्या दूरच्या लोकांनी आणि माझ्या बापसाने एकमेकांना न विचारता जवळपास एकच वास सांगितला, याचा मला अजून आनंद होतो.

खात्री करायची तर बाजारातून नाही, रापणीतून नुकती ओढलेली तडफडती तारली हातात घे. अंगठ्याने तिची खवलं उलटी खरवड आणि लगेच हुंग. दोन मिनिटांनी पुन्हा हुंग. तासाभराने पुन्हा. तीन वेळचे तीन वास नाकात बसले की अर्धं शिक्षण झालं.

आता वारा. वाऱ्याशिवाय नाकाला काही अर्थ नाही. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा. पहाटे तू किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून कितीही हुंगलंस तरी तुला कळेल ते मागच्या घरातल्या चुलीच्या धुराचं. समुद्राची बातमी दुपारनंतर येते. पण देवबाग ही देवाने गरवणाऱ्यासाठीच केलेली जागा आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. पहाटे पूर्वेचा वारा नदीवरून येतो, तेव्हा नदीच्या बाजूला उभं राहायचं. दुपारी पट्टी ओलांडून समुद्राच्या बाजूला यायचं. वारा बदलला की आपण बाजू बदलायची. मी पन्नास वर्षं हेच करतोय, आणि लोकांना वाटतं म्हातारा उगाच येरझाऱ्या घालतो.

वास आला की लोक वारा येतो त्या दिशेने सरळ जातात आणि तिथे गरी टाकतात. तिथे काही मिळत नाही, मग म्हणतात वासाचं सगळं खोटं. खोटं नाही, त्यांनी अर्धाच रस्ता चालला. वास वाऱ्याबरोबर येतो, पण तेल पाण्याबरोबर वाहतं. ताशी 20 किलोमीटरचा वारा असला तर 300 मीटरवरचा वास तुझ्याकडे मिनिटभरात पोचतो. पण त्या वाऱ्याने पाण्यावरचं तेल सरकतं ते वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के, म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम शंभर मीटर. उलट सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी नदीच्या तोंडाला पाणी ताशी 2 किलोमीटरने ओढत असेल तर दहा मिनिटांत तेल तीनशेहून जास्त मीटर समुद्राकडे गेलेलं असतं. म्हणजे वास ताजा, पण तो ज्या तेलाचा आहे ते तेल आधीच आपल्या जागेवरून निघालेलं. म्हणून दोन टप्पे कर. आधी वाऱ्यावर तोंड करून वासामागे जा, तेल सापडेपर्यंत. मग वास विसर, आणि पाणी ज्या बाजूने येतंय त्या बाजूला वर चढ. मासा तिथे असतो, किंवा होता.

तेल ओळखायचं कसं? बारीक लहरींच्या पाण्यात एक गुळगुळीत, चपटा, राखाडी पट्टा दिसतो, जणू कुणी तेवढ्या जागेला इस्त्री केली. तेलाचा पातळ थर बारीक लाटा मारतो, म्हणून असं दिसतं. पट्ट्यावर इंद्रधनुष्याचे रंग चमकत असतील तर ते डिझेल, कुठल्यातरी ट्रॉलरचं. त्याच्या मागे जाऊ नकोस. पट्टा लहान आणि वास जोरदार असेल तर मारामारी आत्ताच चालू आहे. पट्टा लांबलचक आणि वास फिका असेल तर पंगत उठून गेली.

नाक थकतं हेही लक्षात ठेव. एकाच वासात पाच-दहा मिनिटं राहिलं की नाक तो वास दाखवणं बंद करतं. तेव्हा सदऱ्याच्या बाहीत तोंड घालून दोनचार श्वास घे, मग पुन्हा वर बघ. होडीत आमिषाची टोपली वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेव, नाहीतर दिवसभर स्वतःचीच सुंगटा हुंगत बसशील. तंबाखू खाणाऱ्याकडून आणि सर्दी झालेल्याकडून वासाची बातमी घेऊ नकोस. बापूस तंबाखू खायचा, पण गरवायला जायच्या दिवशी नाही.

आता फसवणारे वास. ओहोटीला कांदळवनाच्या चिखलातून सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड, माशांशी त्याचा संबंध नाही. पण तोच वास तुझ्या शिशाला लागला तर लक्ष दे. शिसं तळाला टेकवून वर ओढ आणि त्याला लागलेला चिखल हुंग. अंड्याचा वास आला तर तिथल्या तळाला प्राणवायू नाही, तिथून हल. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तळाच्या पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडसुद्धा सापडतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 साली यावर नेचर या विज्ञान-नियतकालिकात लिहिलं. त्या दिवसांत गोबरा किंवा तांबोशीसाठी तळाला गरी सोडून मी अनेकदा हात हलवत परत आलोय. ते वाचल्यावर कारण कळलं.

दुसरा फसवा वास, रात्री पाणी पेटतं तेव्हाचा. वल्हं मारलं की निळसर उजेड होतो, तुला फार आवडतो तो. तो नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्म जिवाचा. थोडा असला तर काही बिघडत नाही, उलट त्या उजेडात पळणारा मासा दिसतो. पण तो फार वाढला, दिवसा पाणी लालसर किंवा हिरवट शेवाळल्यासारखं झालं, तर त्याच्या पेशीत साठलेला अमोनिया पाण्यात उतरतो. त्या पाण्यात मला कधी काही लागलेलं नाही.

आणि समुद्राचा म्हणून जो एक वास आपण ओळखतो, मुंबईहून येताना एसटीच्या खिडकीतून तुला पहिल्यांदा येतो तो? त्यात डायमिथाइल सल्फाइडचा मोठा वाटा असतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना सूक्ष्म प्राणी खातात तेव्हा ते सुटतं. म्हणजे तोही खाल्लं जात असल्याचाच वास! आपल्याला तो सगळीकडे सारखाच भासतो, पण पेट्रेल जातीच्या समुद्रपक्ष्यांना त्यावरून खाण्याची जागा सापडते. गॅब्रिएल नेव्हिट या बाईंनी 1995 मध्ये दक्षिणेच्या थंड समुद्रात ते दाखवून दिलं. त्यांतलं एक काळं, पांढऱ्या कमरेचं, चिमणीपेक्षा थोडंच मोठं पाखरू आपल्या अरबी समुद्रातही पावसाळ्याच्या सुमारास येतं. खोल पाण्यात ते लाटेवर पाय टेकत नाचताना दिसलं तर समज, त्याने तुझ्याआधी वास घेतलाय. पक्ष्याचं नाक उधार घ्यायला लाजू नकोस. फोनवर हैदराबादहून इन्कॉइस या समुद्रमाहिती संस्थेचा मासे कुठे मिळतील याचा सल्ला येतो, उपग्रहाने समुद्राचा रंग आणि तापमान बघून दिलेला, तोही बघत जा. बापूस असता तर त्यानेही बघितला असता.

पण बाबा, खरी वासाची विद्या माशाकडे आहे. आपण त्याला हुंगतो त्याच्या कितीतरी आधी त्याने आपल्याला हुंगलेलं असतं. कॅनडातल्या शास्त्रज्ञांना 1950च्या दशकात असं दिसलं की माणसाचा हात किंवा अस्वलाचा पंजा धुतलेलं पाणी नदीत टाकलं तर वर चढणारे सॅमन थबकतात. ते आपल्या कातडीतल्या सेरिन नावाच्या द्रव्यामुळे. त्याआधी, 1938 मध्ये, कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवलं होतं की एका छोट्या माशाची कातडी फाटली की पाण्यात असं काही उतरतं की बाकीचे थव्यातले पळतात. रोहू-कटल्याच्या आणि शिंगाळ्याच्या गोतावळ्यात हे असतं. म्हणून गोड्या पाण्यात गरवताना जखमी झालेलं पिल्लू परत तिथेच टाकू नये. थोडं चालून खालच्या अंगाला सोडावं.

तेव्हा गरी बांधण्याआधी हात वाळूने आणि तिथल्याच पाण्याने खसखसून चोळ. साबण नको, डासांचं मलम नको, इंजिनाच्या पेट्रोलचे हात तर अजिबात नकोत. मग सुंगटाची सालं तळव्यावर चुरगळ. आमिष दर पंधरा मिनिटांनी बदल. पाण्यात ते पांढरं पडलं की त्यातला रस निघून गेलेला असतो, राहतो तो नुसता चोथा. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, तेव्हा तारलीचा तुकडा लाव, कातडीच्या बाजूने चिरा देऊन. शिंगाळ्याच्या मिशांवर आणि अंगभर रुचीच्या कळ्या असतात, तो येईलच. पण त्याच्या काट्याला हात लावू नकोस, मला हाक मार. बापसाचा पंजा त्याने तीन दिवस सुजवला होता.

एकदा तोच बापूस आणि मी भोगव्याच्या समोर होतो. दुपार कलली होती, पाण्यावर नुसत्या बारीक लहरी, पक्षी नाहीत, काही नाही. मी कंटाळून आडवा झालो होतो. बापसाने अचानक वल्हं थांबवलं, तोंड वर केलं आणि डोळे मिटले. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. मग त्याने होडी वाऱ्यावर फिरवली, पाच मिनिटं वल्हवली, तो चपटा पट्टा मला दाखवला, आणि तिथे न थांबता पाण्याच्या विरुद्ध बाजूला वर नेली. मला वाटलं पुढे गेलो, चुकलो. त्याने गरी सोडली. पहिली सुरमई वर आली तेव्हा तिच्या तोंडात अर्धा गिळलेला बांगडा होता. बापसाने तो काढून माझ्या नाकाखाली धरला.

उद्या पहाटे साडेपाचला मतलई असेल. नदीच्या बाजूला ये, सुकती सुरू व्हायच्या आधी; सुकती लागली की टोकावरच्या संगमात गुडघाभरही उतरायचं नाही, तिथली ओढ मोठ्या माणसालाही नेते. चहा पिऊन येऊ नकोस, तुझी आजी त्यात आलं घालते. परत आल्यावर पिऊ.