काचेवरची खूण तपासून घ्यावी

गोळीतल्या औषधाचं प्रमाण असो की पाण्याचा कठीणपणा, टायट्रेशनचं उत्तर पिपेट आणि ब्युरेट यांच्या भरवशावर उभं असतं. म्हणून प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींच्या हाती मी आधी कॅलिब्रेशनचंच, म्हणजे सोडलेल्या पाण्याचं वजन करून खूण तपासण्याचंच, काम देतो. ते करताकरवता पटलेल्या या गोष्टी.

१. आधी काच वाचा. 10 मिलिलिटरच्या क्लास ए पिपेटला ±0.02 मिलिलिटरची सूट असते. पिपेटवरचा आकडा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, फ्लास्कवरचा आत मावणाऱ्या पाण्याचा. आपल्याकडच्या बऱ्याच काचसामानावर 27 अंश सेल्सिअस छापलेलं असतं, युरोपातल्यावर 20.

२. स्वच्छता पाण्यालाच विचारा. स्वच्छ काचेवरून पाणी सलग ओघळतं. तेलकट काचेवर थेंब अडून राहतात. ब्युरेटचा एक थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा. तसा अर्धा थेंब पिपेटमध्ये अडकला तरी सूट संपली.

३. पाण्याला खोलीत रुळू द्या. डिस्टिल्ड वॉटर आणि काचसामान वजनकाट्याजवळ तासदोन तास ठेवावं आणि तापमान पाण्यातच मोजावं. 20 अंशांच्या आणि 30 अंशांच्या 10 मिलिलिटर पाण्यात सुमारे 25 मिलिग्रॅमचा फरक पडतो, म्हणजे सुटीपेक्षा जास्त.

४. हवेचा हिशेब सोडू नका. 27 अंशांना 10 मिलिलिटर पाण्याचं वस्तुमान 9.965 ग्रॅम, पण हवेच्या उत्प्लावक बलामुळे काटा 9.955 च्या आसपास दाखवतो. काट्यावरच्या ग्रॅमना 1.0045 ने गुणलं की मिलिलिटर मिळतात. तापमान बदललं की हा गुणकही बदलतो. तक्ता भिंतीवर लावून ठेवावा.

५. हात एकसारखा चालवा. मेनिस्कसमागे काळी पट्टी धरून त्याची खालची कड डोळ्यांच्या रेषेत खुणेला टेकवावी. मग पिपेट सरळ उभी, वजनाची बाटली तिरकी, टोक काचेला टेकलेलं. पाणी आपल्या गतीने उतरू द्यावं, क्षणभर थांबावं. टोकाशी उरलेलं पाणी फुंकू नये. ते हिशेबात आधीच धरलेलं असतं. लगेच बूच लावून वजन करावं, पाणी उडून जायला वेळ लागत नाही. जसा हात कॅलिब्रेशनला, तसाच रोजच्या कामाला हवा.

६. ब्युरेट टप्प्याटप्प्याने तपासा. नळीचा व्यास सगळीकडे तंतोतंत सारखा नसतो. दरवेळी शून्यापासून 10, 20, 30 असं सोडून वजन करावं. त्याआधी तोटी गळत नाही ना, ते बघावं.

७. नोंद वापरात आणा. प्रत्येक नगाला क्रमांक द्या. पिपेट 9.983 देत असेल तर गणितात 9.983 च घाला. सुटीबाहेर गेलेला नग त्याच दिवशी कपाटातून काढा. तो तिथे राहिला तर घाईच्या वेळी कुणीतरी उचलणारच, आणि त्या आकड्यावर कुणाच्या तरी औषधाचा अहवाल निघणार.